अण्णा, तुझ्या नाकातला कापूस

अण्णा, तुला अंघोळ घालून बाहेरच्या खोलीत निजवलं होतं. गावाकडून आलेल्या थोरल्या काकांनी कापसाचे दोन बोळे केले आणि तुझ्या नाकात घातले, तेव्हा मी ओरडलो. "काढा! आधी काढा तो कापूस!" असं म्हणत मी त्यांचं मनगटच धरलं. म्हातारा बिचारा गांगरला. "आरं पोरा, रीत हाय ती. असं करू न्हाय," म्हणाला. मग दोघांनी मला धरून अंगणात नेलं, कुणी तोंडावर पाणी मारलं. भाऊ गेला म्हणून याच्या डोक्यावर परिणाम झाला, असं सगळ्यांना वाटलं आणि कुणी ते फार मनावर घेतलं नाही.

वहिनी मात्र रडायच्या थांबल्या. कपाळावरचा पदर मागे सारून त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग तुझ्या नाकाकडे पाहिलं, आणि मग देवघराच्या दाराकडे पाहिलं. तेव्हापासून मी त्यांच्यासमोर एकटा बसायचं टाळत होतो. त्या काय विचारणार हे मला ठाऊक होतं, आणि त्याचं उत्तर फक्त तुला आणि मला माहीत होतं.

मी का ओरडलो ते तुला सांगतो, कारण दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही. मला वाटलं, तू डोळे उघडशील. मेलेलं शरीर म्हणजे काय, हे मी दर वर्षी मेडिकल कॉलेजातल्या नव्या पोरांना शिकवतो. नाडी, श्वास, बुबुळं, सगळं मीच तपासलं होतं. तरी कापूस नाकात गेला आणि मी सगळं विसरलो. आता चेहऱ्यावर ती तरतरी येणार, डोळे लख्ख होणार, आणि हा ताडकन उठून म्हणणार, "चला मास्तर, पुढचा पेशंट घ्या." भाऊ उठून बसला तर माणसाला आनंद व्हावा. मी काकांचं मनगट धरलं.

तू मला पहिल्यापासून भित्राच म्हणायचास. ते खरंच होतं. आपल्या विहिरीत तू काठावरून धडाधड उड्या मारायचास आणि मी पायरीवर बसून तुझे कपडे सांभाळायचो. "ये की रं, पाणी काय खातंय का तुला?" असं तू खालून ओरडायचास. दुधनीच्या बाजारातून वडिलांनी आणलेली शेव असो, गुऱ्हाळावरचा गरम गूळ असो, नाहीतर शेकलेला हुरडा असो, तुझ्यासारखं खाणारा माणूस मी पाहिला नाही. पहिला घास तोंडात गेला की तू डोळे मिटायचास, मांडीवर एक थाप मारायचास आणि घशातून "हंऽऽ" असा आवाज काढायचास. आई म्हणायची, ह्याला वाढताना वाढणारीचंच पोट भरतं. वहिनी लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खाऊन तू मांडीवर जी थाप मारलीस, तिला त्या लाजून हसल्या होत्या. त्या थापेवर त्यांचा अर्धा संसार चालायचा.

ती थाप बंद पडल्याचं माझ्या आधी त्यांच्या लक्षात आलं. "भावजी, तुमच्या भावाला माज्या हातचं गोड लागंना की," असं त्या मला हसत हसत म्हणाल्या, पण डोळे हसत नव्हते.

तू कान-नाक-घशाचा डॉक्टर. नवी पेठेत कापडदुकानाच्या माडीवर तुझा दवाखाना. नाकातलं वाकडं हाड काढायचं म्हणजे आधी कापसाची लांब वात कोकेनच्या पाण्यात भिजवून रोग्याच्या नाकात भरायची. नाक बधिर होतं, रक्त कमी जातं. गावोगावचे डॉक्टर रोज हे करतात आणि संध्याकाळी घरी जाऊन जेवतात. तूही कितीतरी वर्षं तसाच जेवलास. मग एकदा तुला सर्दी झाली, नाक गच्च चोंदलं, बाहेर माणसं खोळंबलेली, आणि समोर भिजलेली वात. तू ती स्वतःच्या नाकात घातलीस. हे मला तूच सांगितलंस, शाळेत पहिला नंबर आल्यावर सांगायचास तशा तोऱ्यात.

"मास्तर, डोकं आसं झालं बग, धुऊन पुसून ठेवल्यागत. दिवसभर काम केलं, दमलोच न्हाय. भूक बी न्हाय."

मी घाबरलो तो त्या दिवशी. औषधाला नाही घाबरलो. तू ज्या आवाजात बोलत होतास, त्याला घाबरलो. गुळाबद्दल बोलतानाचा तुझा आवाज मला माहीत होता, लेकीबद्दल बोलतानाचा माहीत होता. हा त्या दोन्हींच्या वरचा होता. घरातल्या माणसांच्या वाट्याला यायचा तो आवाज एका ओल्या कापसाला मिळाला होता.

मग मी तुला उंदरांचं सांगितलं. मी वर्गात सांगतो तेच. उंदराच्या मेंदूत एका ठरावीक जागी बारीक तार बसवतात. त्यानं पायानं दांडी दाबली की त्या तारेतून हलका झटका जातो आणि त्याला सुख होतं. मग तो दांडी दाबतच राहतो. समोर दाणे ठेवलेले असतात, पाणी असतं, पण तिकडं तो ढुंकून बघत नाही. तू पोट धरून हसलास. "मी काय उंदीर हाय का रं? एम. एस. झालोय."

आपलं भांडण तिथून सुरू झालं, आणि अण्णा, ते अजून संपलेलं नाही. तुझा मुद्दा असा, की व्यसन म्हणजे अफू. आपला आज्जा अफू खायचा. गोळी चुकली की त्याचं अंग मोडायचं, जुलाब व्हायचे, तो गुरासारखा ओरडायचा. "मला काय हुतंय? सोडलं तर साधं डोकं बी दुकत न्हाय. आंग मोडत न्हाय ते व्यसन न्हाय. पुस्तकात हाय." पुस्तकात तसंच होतं, हीच पंचाईत. आपण डॉक्टर लोक व्यसन ओळखतो ते अंगाच्या दुखण्यावरून. अंग दुखलं नाही की आपण रोग्याला बरा म्हणून घरी पाठवतो, आणि तू तर स्वतःलाच तपासून घरी पाठवत होतास.

मला जिंकून दाखवायला तू दिवाळीच्या आधी एक महिना खरंच सोडलंस. अंग मोडलं नाही, जुलाब झाले नाहीत. तुझं म्हणणं तंतोतंत खरं ठरलं. आणि त्या महिन्यात मी जितका भ्यालो तितका नंतर तुझ्या तिरडीपाशीही भ्यालो नाही.

लक्ष्मीपूजनाच्या दुपारी तुझी शैला शाळेत शिकवलेलं गाणं म्हणून दाखवत होती. दोन वेण्या उडवत, हातवारे करत. आम्ही सगळे हसत होतो. तू तिच्याकडे टक लावून बघत होतास. नंतर मला गच्चीवर नेलंस आणि म्हणालास, "मला कळतंय रं, ती गोड हाय. पाठ केल्यागत कळतंय. पर आत काय हलतच न्हाय." मग थोड्या वेळानं विचारलंस, "हे परत यील का रं?"

मी "येईल" म्हणालो. मला माहीत नव्हतं. अजून नीट कुणालाच माहीत नाही. शास्त्रज्ञ डोकं खाजवतायत. पण मला जे समजलं होतं ते तुला कठड्याला टेकून सांगितलं. आपल्या मेंदूत आत खोल शाबासकी देणारी एक वाट असते. भुकेला घास मिळाला, पोरगं गळ्यात पडलं, काम फत्ते झालं, की तिथून शाबासकी मिळते, आणि माणूस ती गोष्ट परत करायला जातो. जिवंत राहायची निसर्गाची ही युक्ती आहे. कोकेन काय करतं, तर घास नाही, पोर नाही, काम नाही, आणि थेट शाबासकीच्या कोठारात हात घालतं. मूठमूठ नाही, पोतंच ओततं. रोज पोतं ओतल्यावर ती वाट बहिरी होते. मग शैलाच्या गाण्याची चिमूटभर शाबासकी तिथं ऐकूच जात नाही.

तू सगळं ऐकून घेतलंस. मग म्हणालास, "सोडायच्या आदी त्यात बी मज्जा न्हवती रं, पयल्यासारकी. तरी अजून पायजेच वाटतं."

"मजा नव्हती तर मग घेत होतास कशाला?"

"मला इचारू नको. हाताला इचार."

अण्णा, हे वाक्य मी रोज ऐकतो. आवडणं गेलं आणि पाहिजे असणं तेवढं उरलं, एवढंच नाही, ते वाढत गेलं. ही दोन्ही एकच असतात असं मी समजत होतो. आपल्याला जे आवडतं तेच हवं असतं, यात शिकवायचं काय? माझ्या समोर उभा असलेला माझा भाऊ सांगत होता की मेंदूत ती वेगळी राहतात, आणि एक मेलं तरी दुसरं जगतं.

दिवाळीनंतर तू परत सुरू केलंस. मग पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा सोडलंस, या वेळी पैजेसाठी नाही. दवाखाना बंदच ठेवलास. वहिनींना तेव्हा तू सगळं सांगितलंस, त्यांच्या पायाशी बसून. त्या माउलीनं आरडाओरडा केला नाही. उलट तुझ्या मागे लागल्या ते खायला घालायला. आणि हळूहळू काहीतरी परत आलं बरं का. एकदा आमरस खाताना तू मांडीवर थाप मारलीस. बारीकशीच होती. वहिनी ताट तिथंच ठेवून आत पळाल्या आणि पदर तोंडात धरून रडल्या. मी पण रडलो. भित्र्या माणसाला आशा फार लवकर वाटते, आणि मला वाटली.

श्रावणात वहिनींना शेजारच्या बाईंनी लाख वातींचं व्रत सांगितलं. नवऱ्याची बाधा कायमची सुटेल म्हणून. लाख वाती हातानं वळायच्या आणि देवापुढे जाळायच्या. वहिनींनी टोपलीभर कापूस आणला. रोज दिवेलागणीला देवघराच्या दारात बसायच्या, सरकी काढायच्या, कापूस पिंजायच्या, बोटाला राख लावून वात वळायच्या. आणि तुला म्हणाल्या, तुम्हीही शेजारी बसा, जोडीनं केलं की फळ मिळतं.

तू आठवड्यानं माझ्याकडे कॉलेजात आलास तेव्हा तुझा सदरा पाठीला चिकटला होता. पाऊस नव्हता, ऊनही नव्हतं. "मास्तर, कापूस बगितला की मला घाम फुटतो. नाक गळतं. हात आपआपला फिरतो. गिरणी सुटल्यावर कामगार जातात ना भोंगा झाल्यावर, त्यांच्या केसात कापसाचं तूस आसतं, तेवडं बी पुरतं." मला काही सांगावं लागलं नाही. मेंदू नुसतं औषध लक्षात ठेवत नाही. औषधाच्या आधी डोळ्यांना काय दिसलं, तेही पक्कं बांधून ठेवतो. औषध बंद झाल्यावर महिन्यांनीही ती गाठ सुटत नाही. आणि तू राहत होतास सोलापुरात, जिथं अर्धं गाव कापसावर जगतं.

"वहिनींना सांग," मी म्हणालो. "त्या लगेच बंद करतील."

"न्हाय सांगायचं. ती माज्यासाठी करतीया. तिला कळलं की तिच्या हातानंच हे हुतंय, तर ती जीव दील. तू बी सांगायचं न्हाय. शप्पत घे."

मी हात जोडले, भांडलो, तुला मूर्ख म्हणालो. तुझ्या घरात रोज संध्याकाळी कुणी समोर विष मांडून ठेवतंय, आणि तू लाजेकाजेसाठी गप्प बसतोस? तू म्हणालास, "लाजंसाठी न्हाय." आणि मला शपथ घ्यायला लावलीस. हे आपलं दुसरं भांडण, आणि हेही अर्धंच राहिलं. कारण मग तू वातींपासून उठून "जरा पाय मोकळे करतो" म्हणून नवी पेठेकडं जायला लागलास. बंद दवाखान्याची किल्ली तुझ्या खिशातच असायची. एका दुपारी तू तिथंच जमिनीवर पडलेला सापडलास. हार्ट बंद पडलं, असं सगळे म्हणतात. ते खोटं नाही.

तू गेल्यापासून मला अन्नाची चव लागत नाही. दुःखात असं होतं, हे मला समजतं. पण परवा पिठलं-भाकरी तोंडात घातली, काहीच लागलं नाही, आणि मी ताटावरून उठलो. मला दरदरून घाम फुटला होता. हे असंच कायम राहिलं तर? तू दोन वर्षं हेच तोंडात घेऊन आमच्या पंक्तीला बसत होतास, "झकास झालंय" म्हणत होतास, आणि मी तुला उंदरांच्या गोष्टी सांगत होतो. आपलं रक्त एकच, अण्णा. माझ्याही डोक्यात तीच वाट आहे. मला सर्दी झाली तर मी आता नाकाला हात लावायला भितो.

आज सकाळी वहिनींनी मला गाठलंच. उद्या तुझा दहावा, म्हणून सामान काय आणायचं ते विचारायला बोलावलं आणि दार लोटून घेतलं. कापसाची टोपली समोर होती, अर्धी भरलेली.

"भावजी, खरं सांगा. त्या दिवशी कापूस का काढा म्हनला?"

मी टोपलीकडे पाहिलं.

"माज्या वातींनी गेले का वो ते?"

शपथ तू घातली होतीस. उत्तर मी पाठ करून ठेवलं होतं. "नाही वहिनी. वाती नसत्या तर गिरणीचा भोंगा असता, तुमच्या वळकटीतल्या गादीची शिवण उसवली असती. सगळं सोलापूरच कापसाचं आहे. कुठं कुठं झाकणार होता?" हे खोटं नव्हतं. पण माझा आवाज मला सोडून भलतीकडेच चालला होता, आणि त्यांनी तो ऐकला.

"म्हणजे त्यांना ठावं हुतं."

मी होय म्हणून मान हलवली. माझ्याच्यानं राहवलं नाही.

"मग मला बोलले का न्हाईत?"

मी घाबरत घाबरत सांगितलं. म्हणालो, वहिनी, त्यांना बसायला नको वाटायचं तिथं. अंगातला कण न् कण ऊठ म्हणत असणार. बसून काही गोडही लागत नव्हतं, सुखही होत नव्हतं, ते सगळं आतून विझलेलं होतं. तरी ते रोज तुमच्याजवळ येऊन बसायचे. उठून गेले ते तुम्ही पाहिलंत, पण आधी बसलेले असायचे. अण्णा, तू "लाजंसाठी न्हाय" म्हणालास त्याचा अर्थ बोलता बोलता मलाच तेव्हा कळला. इतके दिवस मी भीत होतो, की शेवटी आत तू उरलाच नव्हतास, नुसती ती मागणी उरली होती. तू होतास. सगळा वेळ तिथंच होतास, जागा, आणि एकटा. हे समजल्यावर माझी भीती कमी व्हायला हवी होती. ती कमी झाली नाही.

वहिनींनी टोपलीतला कापूस हातात घेतला, परत ठेवला.

"सदरा भिजायचा वो त्यांचा," त्या म्हणाल्या. "पार पिळून काडावा आसा. मला वाटायचं, उकडतंय त्यांना. मी आपली एका हातानं पदरानं वारा घालायची, आन् म्हनायची, बसा की अजून थोडं."